विश्लेषण : ग्राइंडिंग व्हीलला ‘टाकी’ कधी लावायची?

पाटा गुळगुळीत झाला की त्यावर वाटण बारीक होत नाही, नुसते घसरते. मग त्याला टाकी लावावी लागते. पिठाच्या गिरणीतही दगडाला वेळेवर टाकी लावली नाही, तर पीठ गरम येते. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत शाफ्ट, गिअर घासणाऱ्या ग्राइंडिंग व्हीललाही हाच नियम लागू आहे. तिथे टाकीचे काम हिरा करतो आणि त्या कामाला ड्रेसिंग म्हणतात. उत्पादनाच्या घाईत मात्र ड्रेसिंगची दोन-चार मिनिटे ‘वाया गेलेला वेळ’ म्हणून मोजली जातात. हा हिशेबच चुकीचा आहे.

व्हील बोथट कसे होते?

ग्राइंडिंग व्हील म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण, त्यांना धरून ठेवणारा बाँड आणि मधली पोकळी. प्रत्येक कण छोट्या पटाशीसारखा धातू कापतो. काही वेळाने कणांची टोके झिजून सपाट होतात, व्हील चकाकू लागते. हे ‘ग्लेझिंग’. मऊ धातूचा कीस पोकळीत अडकून बसला, तर ते ‘लोडिंग’. दोन्ही वेळा व्हील कापायचे सोडून नुसते घासू लागते. त्यातच त्याचा गोलपणा बिघडला, तर जॉबवर लाटांसारख्या खुणा उमटतात.

हिराच कशासाठी?

व्हीलमधले कण स्वतःच इतके कठीण असतात की पोलादी हत्यार त्यांच्यापुढे टिकत नाही. हिरा त्यांच्याहून कितीतरी अधिक कठीण आहे. पोलादी दांड्यात बसवलेला एक हिरा फिरत्या व्हीलवरून आडवा नेला की बोथट थर निघतो आणि खालचे धारदार कण उघडे पडतात. एका फेरीत साधारण ०.०१ ते ०.०२५ मिलिमीटर एवढाच थर काढायचा असतो.

ड्रेसिंग टाळल्यास काय होते?

बोथट व्हीलची ताकद कापण्यापेक्षा उष्णता निर्माण करण्यात जाते आणि ती उष्णता जॉबमध्ये शिरते. त्याला ‘ग्राइंडिंग बर्न’ म्हणतात. कठीण केलेल्या पोलादाचा वरचा थर त्यामुळे मऊ पडतो. उष्णता फारच वाढली, तर तोच थर पुन्हा कडक पण ठिसूळ होतो आणि त्यात बारीक भेगा पडू शकतात. तपकिरी-निळसर डाग दिसला तर निदान जॉब बाजूला काढता येतो. खरा धोका डाग न दिसण्यात आहे. शेवटच्या हलक्या फेऱ्यांत रंग पुसला जातो, आतले नुकसान राहते. मायक्रोमीटरवर माप बरोबर येते आणि जॉब पुढे जातो. दोष दिसतो तो नायटलच्या, म्हणजे अल्कोहोलमधल्या सौम्य नायट्रिक आम्लाच्या चाचणीत. नाही तर गाडी रस्त्यावर असताना.

ड्रेसिंग करूनही व्हील बोथट का राहते?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, व्हील मिनिटाला १५०० फेरे घेते आणि हिरा मिनिटाला १५० मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका फेऱ्यात ०.१ मिलिमीटर. हिऱ्याचे टोक ०.४ मिलिमीटर रुंद असेल, तर व्हीलच्या प्रत्येक भागावरून तो चार वेळा जातो. हिरा झिजून टोक १ मिलिमीटरचे झाले, तर त्याच वेगाला तो दहा वेळा जातो. कण धारदार होण्याऐवजी घोटले जातात. ऑपरेटर म्हणतो, ‘आत्ताच तर ड्रेसिंग केले’. ते खरेही असते. बोथट झालेला असतो तो हिरा.

म्हणून ड्रेसर १० ते १५ अंश कलता बसवायचा, त्याचे टोक व्हील फिरते त्या दिशेकडे ठेवायचे आणि तो ठरावीक काळाने थोडा फिरवायचा, म्हणजे नवी कड पुढे येते. कुलंट द्यायचे तर सुरुवातीपासून सलग. तापलेल्या हिऱ्यावर मध्येच कुलंट सोडले, तर तो तडकू शकतो.

मग सारखे ड्रेसिंग करावे का?

तेही तोट्याचेच. ४०० मिलिमीटर व्यासाचे व्हील ३०० मिलिमीटरपर्यंत वापरायचे असेल, तर हाताशी ५० मिलिमीटरचा थर असतो. दर वेळी ०.१ मिलिमीटर काढला, तर ५०० वेळा ड्रेसिंग होते, ०.०५ काढला, तर १००० वेळा. सवयीने चार फेऱ्या जादा मारणारा कारखाना जॉबपेक्षा व्हीलच अधिक घासत असतो.

मार्ग काय?

अनुभवी ऑपरेटर व्हीलच्या आवाजावरून ड्रेसिंगची वेळ ओळखतो. ही जाण मोलाचीच आहे, पण ती त्याच्याबरोबर रजेवर जाते. किती जॉबनंतर ड्रेसिंग, किती थर, किती वेगाने आणि हिरा कधी फिरवायचा, या चार गोष्टी मशीनशेजारच्या कार्डावर लिहिल्या, तर रात्रपाळीचा नवखा मुलगाही अंधारात राहत नाही. आयटीआयमध्ये मशिनिस्ट (ग्राइंडर) हा स्वतंत्र ट्रेड आहे. तिथून बाहेर पडणाऱ्याला ड्रेसिंग ‘करता’ येणे पुरेसे नाही, हे गणितही मांडता आले पाहिजे.

सर्वात मोठा बदल मात्र शिफ्टच्या लक्ष्यात हवा. जॉबची संख्या ठरवताना ड्रेसिंगचा वेळ आधीच धरला नाही, तर कामगार तो चोरूनच काढणार, किंवा काढणारच नाही. मग त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वाचलेल्या दोन मिनिटांची किंमत पुढे कुणाच्या तरी गाडीचा शाफ्ट मोजत असतो.