घरच्या ओढीवर बंदी

युद्ध सुरू झाले की सरकारे धान्य, पेट्रोल व कापड यांच्या जोडीला भावनांचेही रेशनिंग करू लागतात. धान्याच्या बाबतीत त्याला निदान हिशेबाचा आधार असतो. भावनांच्या बाबतीत असतो तो केवळ अधिकाऱ्यांचा समज. दुसऱ्या महायुद्धातील नाताळच्या गाण्यांची हकिकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

जुलै १९४२ मध्ये बीबीसीने नृत्यसंगीताविषयी धोरण ठरविले. अतिभावविवश गीते आणि ती रडक्या ढंगाने गाणारे गायक ध्वनिक्षेपणातून वगळावेत, लढणाऱ्या राष्ट्राला ते शोभत नाहीत, असा त्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी किम गॅनन व वॉल्टर केंट यांचे ‘आय्‌ल बी होम फॉर ख्रिसमस’ हे गीत बिंग क्रॉस्बीच्या आवाजात अमेरिकेत निघाले, तेव्हा सैनिकांचे मनोधैर्य खचेल म्हणून बीबीसीने तेही वर्ज्य ठरविले. वस्तुतः गीतात ना बंड, ना युद्धविरोध. दूर असलेला कोणी एक नाताळला आपण येत असल्याचे घरी कळवितो आणि हे येणे कदाचित स्वप्नातलेच ठरेल, हेही अखेरीस कबूल करतो. आक्षेपार्ह काय ते एवढेच!

अमेरिकेतील अधिकारी फार निराळ्या मताचे होते असे नाही. तेथील युद्धमाहिती कार्यालयाला १९१७ च्या ‘ओव्हर देअर’सारखे वीरश्रीचे गीत हवे होते. परंतु निवड अखेर ऐकणाऱ्यांच्या हाती राहिली आणि त्यांनी निवडले अर्विंग बर्लिनचे ‘व्हाइट ख्रिसमस’. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा २५ डिसेंबर १९४१ रोजी क्रॉस्बीने ते रेडिओवर प्रथम गायिले. त्यात युद्धाचा शब्दही नाही. बर्फाने पांढरा झालेला पूर्वीचा नाताळ आठवणारा माणूस तेवढा आहे. पुढच्या वर्षीचा नाताळ पॅसिफिकच्या दमट बेटांवर किंवा उत्तर आफ्रिकेत काढणाऱ्या तरुणांनी सैनिकी रेडिओकडे याच गाण्याचा लकडा लावला. गंमत अशी की, बर्लिन रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. नाताळ त्याच्या धर्माचा सण नव्हे. त्याचा तान्हा मुलगा मात्र १९२८ च्या नाताळच्या दिवशीच वारला होता.

त्या काळी तबकडी काढणे सोपे नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. तबकड्यांना लागणारी लाख भारतातून जाई. ती युद्धकार्यासाठी राखून ठेवावी म्हणून एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीचा लाखेचा वापर ७० टक्क्यांनी घटविला. त्यातच १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. डेक्का कंपनीने सप्टेंबर १९४३ मध्ये संघटनेशी तडजोड केली, म्हणूनच ऑक्टोबरच्या प्रारंभी क्रॉस्बीचे ते दुसरे गीत मुद्रित होऊ शकले. त्याच वर्षापासून सैन्यासाठी ‘व्ही-डिस्क’ नावाच्या खास तबकड्या निघू लागल्या. त्या विक्रीसाठी नसल्याने संघटनेनेही अडवणूक केली नाही. इतक्या टंचाईत जी वस्तू टिकते, तिची गरज खरी असली पाहिजे.

सेनाधिकाऱ्यांची शंका अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. घरच्या आठवणीने माणूस हळवा होतो. पण ती आठवण गाण्यातून येत नाही. ती सैनिकाने आधीच बरोबर आणलेली असते. गाणे तिला चारचौघांत उच्चारण्याची मोकळीक देते. १९४४ मध्ये क्रॉस्बी फ्रान्समध्ये सैनिकांपुढे गाण्यास गेला. ‘व्हाइट ख्रिसमस’ने जवान व्याकूळ होतात, हे पाहून ते गाण्यास तो कचरत असे, पण गाळू म्हटले तर तेच ओरडून ते मागत, असे त्याने पुढे सांगितले. आणि हे जवान काही लढण्याचे थांबले नव्हते.

मग या गाण्याने अस्वस्थ कोण होत होते? माझ्या मते, सैनिकाला पाठविणारे. छाती पुढे काढलेला जवान त्यांच्या सोयीचा असतो. आईची पत्रे पुन्हापुन्हा वाचणारा जवान, त्याला कशासाठी आणि किती दिवस तेथे ठेवायचे, हा हिशेब त्यांच्यापुढे मांडतो. आपल्याकडेही सीमेवर तणाव वाढला की, जवानांना कोणती गाणी शोभतात हे घरी बसलेले नागरिकच ठरवू लागतात. विविध भारतीच्या ‘जयमाला’त मात्र फौजी बांधवांनी स्वतः मागितलेली चित्रपटगीते वर्षानुवर्षे वाजत आली आणि विरहगीतांना तेथे कधी मज्जाव नव्हता.