कणकुंबीचं पाणी मागण्याआधी

हुबळीतलं देशपांडे नगर मराठी रसिकाला ठाऊक असतं ते गंगूबाई हनगलांमुळे. त्यांचं ‘गंगालहरी’ हे घर याच वस्तीत, सवाई गंधर्वांच्या नावाचं सभागृहही इथलंच. आज मला या वस्तीच्या मोऱ्यांविषयी लिहायचं आहे. हुबळी-धारवाडच्या नळांना येणारं बरंचसं पाणी मलप्रभेचं, सौंदत्तीजवळच्या नवलतीर्थ धरणातलं. ही मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, माउलीच्या देवळाजवळ, मराठी बोलणाऱ्या माणसांच्या गावात. तिथून इथवर आलेलं पाणी घरात एकदाच वापरलं जातं आणि गटारात जातं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर या शहरात मोर्चे निघतात, निवडणुका लढवल्या जातात. गटारात गेलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

तहान खरी आहे, याबद्दल शंका नको. २००८ मध्ये काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला तेव्हा साऱ्या देशातून लोक तो पाहायला आले. बाकीच्या शहराने मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं पाळीच्या पाण्यावर दिवस काढले. म्हणूनच कळसा-बंडुरीची मागणी इतक्या जोराने होते. गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीचं काही पाणी वळवून मलप्रभेत आणायचं, अशी ही योजना. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात म्हादई पाणीवाटप लवादाने कळसा नाल्यातून १.७२ आणि बंडुरीतून २.१८, असं मिळून ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी त्यासाठी दिलं. गोव्याचा त्याला कडवा विरोध आहे आणि कणकुंबीच्या रानात कालव्यासाठी झालेलं खोदकाम ज्यांनी पाहिलं, त्यांना तो समजतो. नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांनी या पाण्यासाठी २०१५ पासून केलेलं आंदोलनही मला तितकंच समजतं.

आता थोडं गणित करू. २०११ च्या जनगणनेत या जोडशहराची लोकसंख्या ९ लाख ४३ हजार होती. माणशी रोज १३५ लिटर पुरवठा आणि त्यातलं ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येतं, हा आपल्या देशातल्या अभियंत्यांचा नेहमीचा हिशेब. त्याप्रमाणे रोजचं सांडपाणी होतं सुमारे १०२ एमएलडी, म्हणजे १० कोटी २० लाख लिटर. वर्षाचं झालं १.३ टीएमसी. प्रत्यक्षातला पुरवठा या मापापेक्षा कमी असेल तर आकडा खाली येईल, हे मान्य. पण २०११ नंतर लोकसंख्या वाढलेलीही आहे. कळसाच्या १.७२ टीएमसीशी हा आकडा ताडून पाहा. लवादाने महाराष्ट्राला म्हादईतलं जेवढं पाणी दिलं, ते १.३३ टीएमसी. जवळजवळ तेवढंच पाणी हे शहर दरवर्षी वापरून सोडून देतं. शिवाय ते पावसावर अवलंबून नाही. मे महिन्यातही वाहतं.

आणि ते वाया जातं असंही नाही. उणकल तलावापासून निघालेला मोठा नाला हुबळीच्या मधून वाहत दक्षिणेला बिडनाळ, गब्बूर, कटनूरकडे जातो. तिथले शेतकरी कित्येक वर्षं त्याच नाल्यात मोटर टाकून पिकं काढत आले आहेत. धारवाडच्या कृषी विद्यापीठातल्या आणि ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी या शेतीवर लिहिलेला लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मी या प्रश्नावरचं मूळ कागदपत्र मानतो. शेतकऱ्यांचं म्हणणं त्यात स्पष्ट आहे. पाऊस भरवशाचा नाही, बोअर खोदायला पैसा नाही आणि नाल्याला बारा महिने पाणी आहे, तेही खतासकट. भाजी शहराच्या बाजारात रोज विकता येते. पण त्याच पाण्याने तण आणि कीड वाढते, मग औषधफवारणी वाढते. नाल्यातून आलेल्या सुया आणि ब्लेड मातीत राहून पायात घुसतात. त्या शेतात अनवाणी काम करणाऱ्या बाईने शहराच्या सोयीची किंमत आपल्या अंगावर घेतलेली आहे, आणि ती भाजी शहरातल्या ताटात येते. इतका उघड व्यवहार असून त्याची नोंद कुठल्याही करारात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

गब्बूरला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र झालं आहे. पण केंद्र बांधलं म्हणजे काम झालं, असं या देशात कुठेच होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतातल्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी निर्माण होतं, शुद्धीकरणाची क्षमता ३१,८४१ एमएलडी आहे आणि खरोखर शुद्ध होतं २०,२३६. म्हणजे जी केंद्रं उभी आहेत त्यांचाही तिसरा हिस्सा रिकामा. अनेक ठिकाणी घराचं चेंबर भुयारी गटाराला जोडलेलंच नसतं, मैला पावसाळी गटारातून थेट नाल्यात जातो आणि केंद्रापर्यंत पोचतच नाही. ही जोडणी गल्लीबोळातलं, रस्ते खणायचं, कटकटीचं काम आहे. नाल्याच्या काठाने सायकलमार्गाचा हरित पट्टा करायची योजना २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या स्पर्धेत निवडली गेली. चांगली योजना आहे. पण वरचा रस्ता सुंदर आणि खालचं पाणी काळं, असं असेल तर तिथे सायकल चालवणार कोण?

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. नागपूरने ती आधी सोडवली. महापालिका आणि महानिर्मिती यांच्यात २००८ मध्ये ठरलं, की भांडेवाडीचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला द्यायचं. १३० एमएलडीचा तो प्रकल्प उभा राहिला आणि पेंच धरणाचं तेवढं गोडं पाणी वाचलं. घेणारा ठरलेला होता, म्हणून पाण्याचा दर्जा आणि पैसा दोन्ही ठरले. बंगळुरूने २०१८ मध्ये कोरमंगला-चल्लघट्ट खोऱ्यातलं पाणी कोलारच्या तलावांत सोडायला सुरुवात केली, योजना ४४० एमएलडीची. दुष्काळी कोलारला पाणी दिसलं हे खरं. पण शुद्धीकरण दुसऱ्या टप्प्यावरच थांबवलेलं. पहिल्याच पावसाळ्यात तलावात फेस आला, लोक न्यायालयात गेले. हुबळीने कोलारची ही चूक करू नये, कारण आपल्याकडची काळी जमीन क्षार धरून ठेवते. अर्धवट शुद्ध पाणी तिला निकामी करू शकतं.

प्यायला हे पाणी देता येणार नाही, असा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. कुणी तसं मागतही नाही. रेल्वेचे डबे धुणं, तारिहाळच्या कारखान्यांतलं शीतकरण, बांधकाम, बागा या सगळ्यांना आज जिथे गोडं पाणी लागतं, तिथे हे पाणी गेलं की तेवढं मलप्रभेचं पाणी घरांसाठी सुटतं. म्हादईच्या वादात हा हिशेब मांडल्याशिवाय हुबळी-धारवाडने नव्या पाण्यावर हक्क सांगू नये, असं माझं मत आहे. कणकुंबीच्या माणसाला हा हिशेब विचारायचा अधिकार आहे.

मात्र इथेच एक धोका आहे. पाण्याला दर आला की ते पाइपातून कारखान्याकडे वळतं, आणि इतकी वर्षं ज्यांची शेती त्यावर उभी आहे ते कोरडे पडतात. त्यांचा हक्क आज कुठे लिहिलेला नाही. म्हणून महापालिकेने दर महिन्याला केंद्रात किती पाणी आलं, किती शुद्ध झालं आणि कुठे गेलं हे जाहीर करावं, आणि वाटपाचा करार लेखी करावा. त्या करारावर पहिली सही बिडनाळ, गब्बूर आणि कटनूरच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेची असावी; तारिहाळची त्यानंतर.