खाट क्रमांक सातची फर्माईश

ब्रिटनमधल्या हॉस्पिटल रेडिओची सुरुवात यॉर्क शहरात झाली. १९२५-२६ च्या सुमारास तिथल्या काउंटी हॉस्पिटलमध्ये दोनेकशे हेडफोन आणि जागोजागी लाउडस्पीकर बसवण्यात आले. बीबीसी १९२२ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे अजून बाल्यावस्थेतच. बऱ्याच घरांत रेडिओ आलेला नव्हता. अशा काळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चर्चमधली प्रार्थना आणि खेळाच्या सामन्याचे वर्णन पडल्या पडल्या ऐकू येऊ लागले. याला रेडिओ म्हणायचे ते एका अर्थी सवयीने. कारण यातले बरेचसे प्रसारण हवेतून जातच नसे. स्टुडिओतून निघालेली तार भिंतींतून, जिन्यांखालून वॉर्डापर्यंत यायची आणि खाटेच्या उशाशी असलेल्या पट्टीवर संपायची. तिथे एक फिरवायचे बटण आणि खुंटीला अडकवलेला हेडफोन असे. बटणाच्या एका खुणेवर बीबीसी लागे, दुसऱ्या खुणेवर हॉस्पिटलचे आपले केंद्र.

या सोयीची गरज किती होती हे समजण्यासाठी तेव्हाचे आजारपण डोळ्यांसमोर आणावे लागते. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि उपचार फुकट झाले, पण ते झटपट झाले नाहीत. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर पेशंट आठ-दहा दिवस सहज पडून असे. क्षयाचे रोगी महिनोन्‌महिने आरोग्यधामात काढत. मोतीबिंदू काढलेल्या माणसाची अवस्था सर्वांत अवघड. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि असे कित्येक दिवस उताणे पडून राहायचे. वाचायचे नाही, कूस बदलायची नाही. त्याच्यासाठी जग म्हणजे कानाला लावलेला तो हेडफोन. भेटीच्या वेळाही कडक होत्या. मुलांच्या वॉर्डात तर आईवडिलांनाही मोजकाच वेळ सोडत. ही रीत बदलावी असे प्लॅट समितीच्या अहवालाने १९५९ मध्ये सुचवले, तरी ती अंगवळणी पडायला पुढे बरीच वर्षे गेली.

१९५० च्या दशकात या रेडिओला खरा जोर आला तो फुटबॉलमुळे. लीगच्या सामन्याचे पूर्ण समालोचन तेव्हा बीबीसीवरही मिळत नसे. ऐकवायचे ते उत्तरार्धातले, आणि कोणता सामना ते आधी सांगायचे नाही, कारण प्रेक्षक घरी बसतील आणि गल्ला बुडेल ही क्लबांची धास्ती. हॉस्पिटलात पडलेला माणूस मैदानावर येणारच नव्हता, त्यामुळे त्याच्यापुरती ही भीती लागू नव्हती. पोर्ट्‌समथ, साउदॅम्प्टन अशा गावांत स्वयंसेवक मैदानाच्या सज्जात मायक्रोफोन घेऊन बसू लागले. पोस्ट खात्याकडून भाड्याने घेतलेल्या टेलिफोनच्या तारेवरून त्यांचे समालोचन वॉर्डात पोहोचे. हे स्वयंसेवक बहुधा टॉक एच, रोटरी यांसारख्या सेवाभावी मंडळांचे सदस्य असत. व्यवसायाने कोणी कारकून, कोणी दुकानदार, कोणी शाळामास्तर. आपल्या गावच्या संघाबद्दल तटस्थ राहण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती, आणि ते राहतही नसत.

समालोचनासाठी घातलेली तार आठवड्यातला एक दिवस सोडला तर रिकामीच होती. मग संध्याकाळी तिच्यावरून गाणी वाजू लागली आणि फर्माईशीचा कार्यक्रम जन्माला आला. मराठी श्रोत्यांना आकाशवाणीचा ‘आपली आवड’ माहीत आहे; पत्र टाकायचे आणि आपले नाव कधी पुकारले जाते याची वाट बघत बसायचे. हॉस्पिटलात हे अंतरच उरले नव्हते. निवेदक, किंवा त्याचा जोडीदार, संध्याकाळी हातात वही किंवा चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन स्वतः वॉर्डात येई. सिस्टरची परवानगी घेई. पहिल्या खाटेपाशी थांबून कोणते गाणे लावू, असे विचारी. चिठ्ठीवर वॉर्डाचे नाव, खाटेचा क्रमांक, पेशंटचे पहिले नाव आणि गाणे. तासाभराने तीच चिठ्ठी स्टुडिओत वाचली जाई आणि खाट क्रमांक सातवरचे आजोबा शेजारच्याला कोपराने ढोसत.

या चिठ्ठीमागे बरीच शिकवण होती. पेशंटला ‘कसे आहात?’ असे विचारायचे नाही. आजार कोणता हे विचारायचे नाही, आणि त्याने सांगितलेच तर ते माइकवर बोलायचे नाही. ‘लवकर बरे व्हा’ हे वाक्यही जपून वापरायचे, कारण ऐकणाऱ्यांत बरे न होणारेही असत. गाण्यांच्या मुखड्यांवर नजर ठेवावी लागे. घाव, चिरफाड, अखेरचा निरोप असले शब्द असलेली गाणी बाजूला काढून ठेवत. ती कोणती यावरून स्वयंसेवकांमध्ये चेष्टामस्करी चाले. प्रत्येक फर्माईश वाजवण्याआधी तो पेशंट अजून त्याच खाटेवर आहे ना, हे वॉर्डात फोन करून पाहण्याची काटेकोर केंद्रांत पद्धत होती. खाट रिकामी झालेली असू शके. घरी गेल्यामुळे, किंवा न गेल्यामुळे.

गाणे हे या कामात निमित्तच होते. दिवसभर पेशंटशी जे बोलत ते औषधाबद्दल, पथ्याबद्दल किंवा रक्तदाबाबद्दल. ज्याच्याकडे सुई नाही, थर्मामीटर नाही आणि ज्याला फक्त एका गाण्याचे नाव हवे आहे, असा माणूस खाटेशेजारी दहा मिनिटे टेकला की बोलणे गाण्यावरून लग्नावर, लग्नावरून युद्धातल्या दिवसांवर जाई. ज्यांना भेटायला कोणीच येत नसे त्यांच्या बाबतीत संध्याकाळची ही फेरी हीच भेटीची वेळ. कार्यक्रम ऐकणारे वॉर्डात पाचच असले तरी फेरीत पन्नास जणांशी बोलणे होई. केंद्राची कामगिरी श्रोत्यांच्या आकड्यावर मोजणाऱ्यांना हा हिशेब कधी नीट जमला नाही.

खुद्द गावांना आपला रेडिओ मिळाला तो नंतर. बीबीसीचे फ्रँक गिलर्ड, दुसऱ्या महायुद्धातले नावाजलेले युद्धवार्ताहर, अमेरिकेतली गावोगावची केंद्रे पाहून आले आणि ब्रिटनमध्येही तसे हवे म्हणून वर्षानुवर्षे मागे लागले. ८ नोव्हेंबर १९६७ रोजी रेडिओ लेस्टर सुरू झाले. त्याच महिन्यात शेफील्ड आणि मर्सीसाइड. पहिल्या प्रयोगात आठ केंद्रे होती आणि त्यांतले डरहमचे १९७२ मध्ये बंदही पडले. अडचण अशी की प्रसारण फक्त व्हीएचएफवर होते आणि तो पट्टा असलेले रेडिओ थोड्या घरांतच होते. शिवाय रेकॉर्ड वाजवण्याच्या तासांवर कलाकारांच्या संघटना आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांनी मर्यादा घातलेली. गाणी कमी म्हटल्यावर बोलणे वाढले. हरवलेली कुत्री, नगरपालिकेचे झगडे, बर्फामुळे बंद राहिलेल्या शाळांची यादी हाच मालमसाला. रेडिओ नॉटिंगहॅमने १९६८ मध्ये श्रोत्यांचे फोन थेट प्रसारणात घेतले. ब्रिटनमधला तो पहिला असा कार्यक्रम मानतात. वार्ताहर खांद्याला उहर कंपनीचा वजनदार टेपरेकॉर्डर लटकवून फिरत. परत आल्यावर फितीवर पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, दाढीच्या ब्लेडने तिरका काप द्यायचा आणि चिकटपट्टीने जोडायचे. कापलेले खोकणे आणि अडखळणे संध्याकाळी केराच्या टोपलीत साठलेले असे. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला एलबीसी आणि कॅपिटल ही व्यापारी केंद्रे आली आणि जाहिरातींवर चालणारा स्थानिक रेडिओही पसरू लागला.

लेस्टरची पुढची गोष्ट भारतीयांशी जोडलेली आहे. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देशाबाहेर काढले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आमच्याकडे येऊ नका असे कळवले होते. लोक आले ते आलेच, बहुतेक गुजराती. चार वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच शहराच्या रेडिओवर ‘सिक्स ओ’क्लॉक शो’ हा रोजचा आशियाई कार्यक्रम सुरू झाला. शाळाप्रवेश, घराचे अर्ज, नोकऱ्या यांची माहिती आणि मध्ये मध्ये हिंदी चित्रपटगीते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी भरलेल्या इमारतीतून लता आणि आशा मंगेशकरांचे आवाज संध्याकाळी सहा वाजता निघू लागले. याच रोपट्यातून १९८८ मध्ये ‘एशियन नेटवर्क’ उभे राहिले आणि २००२ मध्ये डिजिटल रेडिओवर देशभर पोहोचले.

स्थानिक केंद्रांना माणसे लागत होती आणि ती हॉस्पिटलच्या तळघरांत तयार होत होती. चूक झाली तरी गाव हसत नाही, तबकडी अडकली तरी बातमी होत नाही. शिकायला याहून बरी जागा नव्हती. बीबीसीच्या रेडिओ टूवर २०२३ पर्यंत सकाळचा कार्यक्रम करणारे केन ब्रूस ग्लासगोच्या हॉस्पिटल रेडिओवर घडले. टीव्हीच्या पडद्यावर पुढे घराघरांत पोहोचलेल्या जिल डँडो वेस्टन-सुपर-मेअरच्या हॉस्पिटल रेडिओत स्वयंसेवक होत्या. हौशी मंडळींत निवेदक होण्यासाठी आलेले आणि पेशंटसाठी आलेले असे दोन गट असत व त्यांचे फारसे पटत नसे. पहिल्या गटाला फेरीला जाण्याचा कंटाळा.

मुलांसाठी वेगळा प्रयोग १९७० च्या दशकाअखेर लंडनच्या दक्षिण टोकाला कार्शल्टनच्या क्वीन मेरीज हॉस्पिटलमध्ये झाला. ‘रेडिओ लॉलीपॉप’ हे त्याचे नाव. स्वयंसेवक खाटेवर बसून मुलांशी खेळत, चित्रे काढत, आणि माइक मुलांच्याच हातात देत. हा प्रयोग पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेपर्यंत गेला. बंदिस्त आवारातल्या श्रोत्यांसाठी आवारातच रेडिओ चालवण्याची कल्पना पुण्याच्या येरवडा कारागृहातही राबवली गेली. शिक्षा भोगताना संजय दत्त तिथे निवेदन करत असे. आवडीचे गाणे मागण्याची ओढ हॉस्पिटलात आणि तुरुंगात सारखीच.

हॉस्पिटल रेडिओला उतरण लागली ती वैद्यकाच्या प्रगतीनेच. मोतीबिंदूचा पेशंट आता त्याच दिवशी घरी जातो. त्याच्याकडे फर्माईश करायला वेळच नाही. २००० च्या सरकारी आराखड्याने मोठ्या हॉस्पिटलांत प्रत्येक खाटेशी टीव्ही आणि फोन देण्याचे ठरवले. खासगी कंपन्यांनी हलत्या दांड्यांवर पडदे बसवले. टीव्हीला पैसे पडत, रेडिओ त्यावर बहुधा फुकट ऐकता येई, पण तो शोधायला यादीत खाली जावे लागे. कित्येक ठिकाणी जुन्या तारा तेव्हाच उपटल्या गेल्या; पुढे मोबाइल आल्यावर ते पडदेही निकामी झाले आणि केंद्राला वॉर्डात शिरायला वाटच राहिली नाही. काही केंद्रांनी कमी शक्तीच्या मध्यमलहरी प्रक्षेपकाचा परवाना घेतला, काही इंटरनेटवर गेली. बीबीसीचा प्रसिद्ध निवेदक जिमी सॅव्हिल याने हॉस्पिटलांत समाजसेवेच्या आडून केलेले अत्याचार २०१२ नंतर उघड झाले आणि स्वयंसेवकांच्या तपासणीचे नियम कडक झाले. ते आवश्यकच होते, पण त्यानंतर सहज कोणी वही घेऊन वॉर्डात डोकावणे संपले.

गावच्या केंद्रांचे आकुंचन वेगळ्या मार्गाने झाले. व्यापारी केंद्रे एकामागून एक मोठ्या साखळ्यांत गेली आणि दुपारचा निवेदक लंडनमधून सगळ्या परगण्यांशी एकदम बोलू लागला. बीबीसीने २०२३ पासून इंग्लंडमधल्या आपल्या ३९ स्थानिक केंद्रांचे दुपारी दोननंतरचे बरेच कार्यक्रम एकमेकांत वाटून घ्यायला लावले. त्याविरुद्ध पत्रकारांनी संपही केला.

२०२० च्या कोविडमध्ये हॉस्पिटल रेडिओच्या स्वयंसेवकांना इमारतीत पाऊल ठेवता येईना. त्यांनी घरातल्या कपाटात, रजई लावून आवाज दाबलेल्या खोलीत माइक मांडले आणि कार्यक्रम चालू ठेवले. भेटायला येणाऱ्यांना पूर्ण बंदी असल्याने नातेवाईक बाहेरून संदेश पाठवत, ते गाण्यांबरोबर वाचले जात. निर्बंध उठल्यावर अनेक केंद्रांनी आधी स्टुडिओ उघडला. वॉर्डातल्या फेऱ्या सुरू व्हायला जास्त वेळ लागला.