नंबर लावतो कोण?

होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर जा. पिवळा गोल चेहरा, डोळ्यांच्या जागी फुल्या आणि बाहेर लोंबणारी जीभ, असं चित्र असलेला एखादा काळा टी-शर्ट दोरीवर वाळत घातलेला दिसेलच. मालकाला विचारावं, "हे काय आहे?" तर उत्तर येतं, "मले काय मालूम बे, सेलमध्ये भेटला." मित्र-मैत्रिणींनो, अशा सर्व टी-शर्टधारकांसाठी आधी थोडी माहिती आणि मग माझं म्हणणं.

तो चेहरा 'निर्वाणा' या अमेरिकन बँडचा. शब्द मात्र आपलाच. सहा डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी गावोगावी अभिवादन होतं, त्यामुळे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात हा शब्द लहान पोरालाही ठाऊक असतो. हा बँड १९८७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबर्डीन या गावी सुरू झाला. गाव कसलं? पाऊस, जंगल, लाकडाच्या गिरण्या, आणि गिरण्या मंदावल्यावर कामाच्या शोधात असलेली माणसं. मी सावलीचा. अलीकडे मूल, पलीकडे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली, मधे धानाचे बांध आणि जंगल. त्यामुळे मोठ्या शहरापासून दूर, झाडांच्या सोबतीने वाढणं म्हणजे काय, हे मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कर्ट कोबेन गायचा आणि गिटार वाजवायचा, क्रिस्ट नोव्होसेलिक बेस सांभाळायचा आणि १९९० पासून ड्रमवर डेव्ह ग्रोल. यांच्या संगीताला 'ग्रंज' म्हणतात. शब्दाचा अर्थच मुळी मळ, घाण! पंकचा राग, हेवी मेटलचा जडपणा आणि मुद्दाम घासूनपुसून लख्ख न केलेला आवाज.

आता बँडचा हिशेब बघा. जगभर नाव, आणि स्टुडिओत केलेले अल्बम किती? फक्त तीन!

सुरुवात झाली १९८८ च्या 'लव्ह बझ' या सिंगलने. प्रती काढल्या १०००, आणि त्यांवर क्रमांक हाताने घातलेले. पुढच्या वर्षी जूनमध्ये सब पॉप या सिॲटलच्या छोट्या कंपनीने पहिला अल्बम काढला, 'ब्लीच'. रेकॉर्डिंगचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. त्या वेळच्या दराने दहा हजार रुपयांच्या आसपास. तेवढेही यांच्या खिशात नव्हते. जेसन एव्हरमन नावाच्या मित्राने पैसे भरले, म्हणून त्याने अल्बममध्ये एकही सूर वाजवलेला नसताना त्याचं नाव आणि फोटो कव्हरवर आला. (आपल्याकडे प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये असा एक जण असतोच!) अमेरिकेच्या मुख्य चार्टवर, म्हणजे 'बिलबोर्ड'च्या पहिल्या दोनशेत, हा अल्बम त्या वर्षी कुठेच नव्हता.

दुसरा अल्बम 'नेव्हरमाइंड', २४ सप्टेंबर १९९१. अमेरिकेतल्या दुकानांत पहिल्या खेपेला गेल्या जेमतेम ४६ हजार प्रती. चार्टवर प्रवेश झाला तो १४४ व्या नंबरवर. म्हणजे रिझल्टच्या बोर्डावर वाकून शोधावं लागेल असा नंबर! आणि ११ जानेवारी १९९२ च्या यादीत तोच अल्बम मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ढकलून पहिला. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' हे गाणं सिंगल्सच्या यादीत सहाव्या नंबरपर्यंत चढलं. अल्बमचा जगभरचा खप पुढे तीन कोटींच्या वर गेला. तिसरा 'इन युटेरो', सप्टेंबर १९९३. तो पहिल्याच आठवड्यात पहिल्या नंबरवर.

हा सगळा हिशेब अनेकांना तोंडपाठ असतो. माझं म्हणणं याच्या पुढे सुरू होतं. हे नंबर लावतो कोण? आणि कसे?

आपण इंजिनिअरिंगवाले. रीडिंग विचित्र आलं की लॅबमधले सर आधी विचारतात, "मीटर तपासला का?" चार्टच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. १९९१ च्या मे महिन्यापर्यंत 'बिलबोर्ड'ची पद्धत अशी होती की ठराविक दुकानांना फोन करायचा आणि विचारायचं, या आठवड्यात काय काय खपलं? दुकानदार आठवून किंवा अंदाजाने सांगणार. त्यात त्याची आवडनिवड आली, कंपनीच्या माणसाने केलेला आग्रहही आला. २५ मे १९९१ च्या अंकापासून अल्बमच्या यादीसाठी 'साउंडस्कॅन' नावाची व्यवस्था आली. काउंटरवर बारकोड वाचला जाईल तेवढीच विक्री धरायची. मीटर बदलला आणि रीडिंग बदललं. खेड्यापाड्यांतल्या लोकांचं म्हणून बाजूला ठेवलेलं कंट्री संगीत एकदम वर आलं. त्याच सप्टेंबरात गार्थ ब्रूक्सचा अल्बम थेट पहिल्या नंबरवर उतरला. कंट्री गायकाच्या बाबतीत असं आधी कधी झालं नव्हतं. ही माणसं काय मे महिन्यात अचानक गाणी ऐकायला लागली होती? ऐकत होतीच की! मोजणारा नव्हता.

'नेव्हरमाइंड' आला तो या बदलानंतर चारच महिन्यांनी. जुन्या पद्धतीत तो वर चढलाच नसता, असं मी म्हणणार नाही. पण पोरं दुकानात जाऊन खरोखर काय विकत घेतात, हे दर आठवड्याला दिसू लागलं होतं, हे विसरून चालणार नाही.

नियमांचा आणखी एक नमुना. १९९८ च्या डिसेंबरपर्यंत सिंगल्सच्या मुख्य यादीत यायचं तर गाणं सुटं सिंगल म्हणून दुकानात विकायला असावं लागायचं. १९९३ चं 'हार्ट-शेप्ड बॉक्स' अमेरिकेत तसं विकलंच गेलं नाही. त्यामुळे मॉडर्न रॉक रेडिओच्या यादीत ते पहिलं, आणि मुख्य यादीत त्याचं नावच नाही! एकच गाणं, तेच ऐकणारे, एका वहीत हजर आणि दुसऱ्या वहीत गैरहजर.

आता हे पुराण इथे का लावलं, ते सांगतो. आमच्या गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये दंडारीचा प्रस्ताव आला होता. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली गाणं, नाच आणि सोंगांची लोककला. रॉक बँडला अर्धा तास मिळाला. दंडारीचं नाव निघताच एकाने मोबाईल काढला आणि विचारलं, "व्ह्यूज किती आहेत?" सगळे हसले, विषय संपला. विचारणाऱ्यावर माझा राग नाही, तो माझा चांगला मित्र आहे आणि गिटार खरोखर छान वाजवतो. पण त्याच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. जे मोजलं गेलं नाही, ते कोणी ऐकलंही नसणार!

आपल्या देशात मोजणी कशाची झाली? १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि क्रमवारी घराघरांत पोचली. पण ती हिंदी चित्रपटगीतांची. १९८० च्या दशकात कॅसेट आल्या. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांचे आवाज एसटी स्टँडपासून जयंतीच्या मिरवणुकीपर्यंत सगळीकडे वाजले, पण 'या आठवड्यात नंबर किती' हे सांगणारी यादी त्यांच्या वाट्याला आली नाही. गंमत पुढे आहे. २०२१ साली 'इंडियन म्युझिक इंडस्ट्री' या रेकॉर्ड कंपन्यांच्या संस्थेने ऑनलाइन ऐकण्यावर आधारित चार्ट सुरू केला, आणि तो होता परदेशी गाण्यांचा! २०२२ मध्ये 'बिलबोर्ड'ने भारतासाठी २५ गाण्यांची यादी सुरू केली. पंचवीस! त्यात दंडारीने कुठे उभं राहायचं?

आणि इकडे आमची झाडीपट्टी बघा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. दिवाळी झाली, धान घरात आलं की गावागावांत मंडई भरते आणि नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची बुकिंग तिथे होते. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. मांडव तिकीट काढून भरतो, फुकट्यांनी नाही. आणि गाणी सगळी तिथल्या तिथे, साथीला ऑर्गन, तबला, ढोलक. नटी चुकली तर वादक सांभाळून घेणार, 'वन्स मोअर' आला तर पुन्हा सुरुवातीपासून गाणार. डबिंग नाही, रिटेक नाही. माझ्या मते 'लाइव्ह' या शब्दाचा अर्थ शिकायचा असेल तर कडाक्याच्या थंडीत एकदा त्या मांडवात बसावं.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे नटवर्य परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. सुमारे ८०० भूमिका आणि ५ हजारांवर प्रयोग, असं त्या वेळी छापून आलं. पाच हजार रात्री! एका रात्री हजार माणसं धरली तरी किती कान झाले, हे कॅल्क्युलेटर न काढताही समजेल. 'व्ह्यूज किती' याचं उत्तर हेच आहे. फक्त ते कुठल्या स्क्रीनवर दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग चार्ट फालतू, सोडून द्या! नाही. मला तसं मुळीच म्हणायचं नाही. निर्वाणाच्या हिशेबातून मी उलटाच धडा घेतो. 'नेव्हरमाइंड' गाजल्यावर लोक मागे वळले आणि १९८९ चा तो दहा हजार रुपयांचा 'ब्लीच' १९९२ मध्ये चार्टवर ८९ व्या नंबरपर्यंत गेला. पुढे तो सब पॉपचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम ठरला. हे घडू शकलं, कारण तो रेकॉर्ड केलेला होता. एप्रिल १९९४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, कर्टने आयुष्य संपवलं. (त्यात काही थोर आहे असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे. जगला असता तर अजून किती गाणी झाली असती!) पण १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीसाठी केलेला साध्या वाद्यांचा कार्यक्रम टेपवर होता. वर्षभराने तो अल्बम म्हणून आला आणि थेट पहिला. जानेवारी १९९४ मध्ये रेकॉर्ड केलेलं 'यू नो यू आर राइट' हे गाणं २००२ मध्ये बाहेर आलं. आठ वर्षं टेप पडून होती, पण होती!

म्हणजे क्रम लक्षात घ्या. आधी नोंद, मग मोजणी, मग नंबर. नंबर उशिरा आला तरी चालतो. नोंदच नसेल तर नंबर देणारा कितीही प्रामाणिक असला तरी काय करणार? झाडीबोलीच्या शब्दांसाठी आणि दंडारीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने आयुष्य घातलं, म्हणून ते कागदावर आले. आवाजाचं काय? मोबाईलवर काढलेल्या क्लिप फिरतात, पण बहुतेकींच्या खाली गाणाऱ्याचं नाव नसतं, गाव नसतं, तारीख नसते. आणि ऑर्गनवर बोटं फिरवणारे म्हातारे हात दरवर्षी कमी होत आहेत.

याला एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. नाटकवाले म्हणतील, "पोरांनो, तुम्ही सगळं रेकॉर्ड करून फुकट टाकलं तर तिकीट कोण काढणार?" कंपनीचं पोट चार महिन्यांच्या सीझनवर चालतं, वादकांचंही. म्हणून चोरून रेकॉर्डिंग करायचं नाही. परवानगी घ्यायची, पूर्ण नाटक नाही तर दोन गाणी घ्यायची, सीझन संपल्यावरच ऐकवायची, आणि कंपनीचं व कलाकारांचं नाव आधी लिहायचं. एवढं केलं तर 'नको' म्हणणारे फार थोडे निघतील, असं मला वाटतं.

काम फार मोठं नाही. आपल्या होस्टेलमध्ये ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी, वडसा, साकोली इकडची किती पोरं-पोरी आहेत! दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलं की एक वही सोबत ठेवा. तारीख, गाव, नाटकाचं आणि कंपनीचं नाव, कोण गायलं, कोणी काय वाजवलं, गाणं कोणी लिहिलं, चाल कुठली, आणि आयोजक मंडळाने सांगितली तर तिकिटांची संख्या. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे माईक आहेत, कॉम्प्युटरवाल्यांना डेटाबेस करायला विषय हवाच असतो. सरांना आणि मॅडमना नम्र विनंती, की हा मिनी प्रोजेक्ट म्हणून मंजूर करावा. दरवर्षी तीच लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम तपासून तुम्हीही कंटाळला असाल!

निर्वाणा ऐकणं मी सोडणार नाही, आणि तुम्हीही सोडू नका. तो टी-शर्टही खुशाल घाला. या हिवाळ्यात ज्यांना वही घेऊन सावलीकडे यायचं असेल त्यांनी मला रूमवर येऊन भेटा. राहायची-जेवायची सोय घरी होईल. फक्त चादर जाड आणा, पहाटे दव फार पडतं.