दलालीतला वाटा कागदावर घ्या

मुंबईत ऑफिसचा किंवा गाळ्याचा मोठा सौदा बहुधा एकट्या दलालाच्या हातून होत नाही. मालकाचा दलाल एक, भाडेकरूचा दुसरा. दोघांनी मिळून सौदा जुळवायचा, याला धंद्यात को-ब्रोकरेज म्हणतात. दोन्ही पक्ष आपापल्या दलालाला पैसे देणार असतील तर ते 'साईड बाय साईड'. एकच पक्ष देणार असेल तर ती दलाली दोघांत वाटायची. समजा, ऑफिसचे भाडे महिना २ लाख आहे आणि मालकाने एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली कबूल केली आहे. निम्मा-निम्मा वाटा ठरला असेल, तर गिऱ्हाईक आणणाऱ्याला १ लाख मिळायला हवेत.

मिळतातच असे नाही. आपली पोरे या धंद्यात शिरतात ती तळाशी. उन्हातान्हात फिरून गिऱ्हाईक शोधायचे, जागा दाखवायला न्यायचे. तिथेच समोरचा बडा दलाल गिऱ्हाइकाचे कार्ड खिशात घालतो. पुढची बोलणी परस्पर होतात आणि आपल्या पोराला 'सौदा फिसकटला' एवढेच कळते. महिन्याभराने त्याच जागेवर त्याच गिऱ्हाइकाची पाटी लागलेली दिसते!

मग दाद कुठे मागायची? २०१६ च्या रेरा कायद्याने दलालांना नोंदणी लावली, महारेराने २०२३ मध्ये परीक्षाही सक्तीची केली. पण ही नोंदणी आहे नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी. दोन दलालांनी आपसांत किती वाटून घ्यावे, हे तो कायदा ठरवत नाही. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध कसा करणार?

म्हणून गिऱ्हाइकाचे नाव उघड करण्याआधी लेखी घ्या : जागा कोणती, दलाली कोण देणार, वाटा किती, पैसे केव्हा, आणि हेच गिऱ्हाईक सहा महिन्यांनी परत आले तर काय. स्टॅम्पपेपरच हवा असे नाही. ई-मेलवर आलेला 'मान्य' हा शब्दसुद्धा पुरावा ठरू शकतो. समोरच्याकडे मालकाचे अधिकारपत्र आहे का, हेही विचारा.

'लिहून मागितले तर कामच देणार नाहीत', असे पोरे म्हणतात. 'आमचा धंदा विश्वासावर चालतो', असे बडे दलाल सांगतात. हा विश्वास नात्यागोत्यात आणि जातभाईंत मुरलेला असतो. बाहेरच्याच्या वाट्याला तो येत नाही. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यानंतर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-व्यवहारांचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबियात शिकून आलेला माणूस! पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. तोंडच्या विश्वासावर विसंबा, असे आपल्या पोरांना कोणत्या तोंडाने सांगायचे?