हातोडा पडल्यावर



भिलाईला येऊन सव्वा वर्ष झालं. पलटणीतून एनसीसीला पीआय स्टाफ म्हणून पाठवलंय, म्हणजे कॉलेजच्या पोरापोरींना ड्रिल, मॅप रीडिंग आणि फायरिंग शिकवायचं. मागच्या पोस्टिंगवरून मी बर्फाबद्दल लिहायचो. इथे बर्फ नाही. इथे रात्री स्टील प्लांटच्या बाजूचं आभाळ तांबडं होतं आणि सकाळी बुटांवर धूळ बसते. देशमुख आडनाव दिसलं म्हणून मी एकाशी मराठीत सुरू केलं, तर तो दुर्गजवळच्या खेड्यातला अस्सल छत्तीसगढी निघाला. हसून म्हणाला, इथे देशमुख पुष्कळ आहेत, मराठी एकही येत नाही!

नावावरून माणूस ओळखायला गेलं की फसगत होते. आजचा विषय तोच आहे, पण सुरुवात क्रिकेटपासून करतो.

नोव्हेंबर हा आयपीएलवाल्यांच्या बदल्यांचा महिना. सामना एकही नसतो आणि चर्चा मात्र सामन्यांपेक्षा जास्त. २०२५ मध्ये चेन्नईने रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला दिले आणि संजू सॅमसनला घेतलं. आपला पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौहून मुंबईत आला, अर्जुन तेंडुलकर मुंबईहून लखनौला गेला. आपल्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर एका सुभेदार साहेबांनी रागाने लिहिलं, ‘बारा हंगाम खेळलेल्या माणसाला असं देऊन टाकतात? जडेजा काय बाजारातला बैल आहे?’ खाली चाळीस अंगठे.

साहेब, तुमचा राग समजतो, पण मला तो अर्धाच पटतो. बारा वर्षं एका पलटणीत काढून आपणही रातोरात ट्रंक बांधली आहे. मूव्हमेंट ऑर्डर हातात पडली की विचारायचं नसतं, निघायचं असतं. आयपीएलच्या ट्रेडमध्ये निदान खेळाडूची संमती लागते. जडेजाचा करार १८ कोटींवरून १४ कोटींवर आला, तरी तो गेला तो हो म्हणून गेला. संघाच्या ऑफिसने माणसं हलवणं यात मला पाप दिसत नाही. संघ बांधायचा तर कोणी येणार, कोणी जाणार.

संमतीचा हा हक्क खेळाडूंना कुठे फुकट मिळालेला नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या संघांचे असेच सौदे हिवाळ्यात होतात आणि तिथले लोक त्यावर आपल्यासारखेच तावातावाने भांडतात. १९६९ साली सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तोही त्या संघातून बारा हंगाम खेळला होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याने जायला नकार दिला, खटला भरला आणि १९७० चा अख्खा हंगाम घरी बसला. १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ असा हरला आणि त्याची कारकीर्द त्यातच संपली. पण त्याने विचारलेला प्रश्न संपला नाही. पुढच्याच वर्षी तिथे नियम आला की ज्याने दहा वर्षं खेळात आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात काढली, त्याला त्याच्या मर्जीशिवाय हलवता येणार नाही. आपल्याकडे निवृत्तीआधी घराजवळचं लास्ट लेग पोस्टिंग मागता येतं, त्यामागची भावना तीच. ज्याने वर्षं दिली, त्याला शेवटी थोडं विचारा.

तर माझी तक्रार माणूस हलवण्याबद्दल नाही. निर्णय झाल्यावर ऑफिस त्या माणसाशी कसं वागतं, त्याबद्दल आहे. आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण या भिलाईचंच आहे.

१९ डिसेंबर २०२३, दुबईचा लिलाव. शशांक सिंगचं नाव पुकारलं गेलं. मूळ किंमत २० लाख. पंजाब किंग्जने पाटी वर केली, दुसऱ्या कोणी बोली लावली नाही, मल्लिका सागर यांनी हातोडा मारला. आणि मग पंजाबच्या टेबलावर कुजबुज सुरू झाली. आम्हाला हा नको होता, असा सूर निघाला. मल्लिका सागर यांनी सांगितलं, हातोडा पडलाय. आता तो खेळाडू तुमचा.

हे सगळं टीव्हीवर देशाने पाहिलं. तो शशांक पाहत असेल, त्याच्या घरचे पाहत असतील. भिलाईत जन्मलेला, मुंबईच्या मैदानांवर घासलेला, मग छत्तीसगडकडून रणजी खेळणारा ३२ वर्षांचा माणूस. तीन आयपीएल संघांचे कपडे घालून झालेले आणि नाव तरी कोणाला माहीत नाही. आणि चौथा संघ भर सभेत म्हणतोय, चुकून घेतला. बोली न लागता घरी बसणं परवडलं, असं क्षणभर वाटलं असेल की नाही?

दुसऱ्या दिवशी पंजाबने खुलासा केला की यादीत एकाच नावाचे दोघे होते म्हणून गोंधळ झाला, पण हा खेळाडू आम्हाला हवाच होता. शशांकनेही विश्वास दाखवल्याबद्दल आभार मानून विषय मिटवला. लोक हसले. मीही हसलो होतो. तेव्हा मी भिलाई नकाशावरही नीट पाहिलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पंजाबने त्याला बाकावर लपवून ठेवलं नाही. त्या हंगामात १४ पैकी १४ सामने खेळवलं. ४ एप्रिल २०२४ ला अहमदाबादेत २०० धावांचा पाठलाग करताना त्याने २९ चेंडूंत नाबाद ६१ केल्या आणि हरलेला सामना काढला. ईडन गार्डन्सवर २६२ चं लक्ष्य गाठलं, तेव्हा २८ चेंडूंत नाबाद ६८. हंगामात ३५४ धावा. पुढच्या मोठ्या लिलावाआधी पंजाबने अख्खा संघ सोडून दिला आणि फक्त दोघांना ठेवलं. त्यातला एक शशांक, साडेपाच कोटींना. २०२५ च्या अंतिम सामन्यातही बंगळूरविरुद्ध ३० चेंडूंत नाबाद ६१. सहा धावा कमी पडल्या, पण शेवटच्या षटकापर्यंत उभा राहिलेला माणूस तोच, जो चुकून आला होता म्हणे. सुपेल्याच्या टपरीवर अजूनही कोणी ना कोणी सांगतं, ‘हमर भिलाई के लइका ए.’ आपल्या भिलाईचा पोरगा.

ही गोष्ट सगळे नशिबाची म्हणून सांगतात. मला ती ऑफिसची गोष्ट वाटते. चूक झाली, ती सगळ्यांनी पाहिली. पण एकदा हातोडा पडल्यावर त्यांनी त्या माणसाला पूर्ण संधी दिली. संधी मिळाली म्हणून तो काय आहे ते कळलं. नाहीतर २० लाख देऊन दोन महिने पाणी न्यायला ठेवला असता आणि पुढच्या वर्षी गुपचूप सोडला असता. कोणी विचारलंही नसतं.

फौजेत एका नावाचे अनेक हे रोजचंच. मराठ्यांच्या कंपनीत पाच शिंदे आणि सहा पाटील असायचेच, म्हणून नावामागे आर्मी नंबरचे शेवटचे आकडे लावतात. तरी गडबड होते. मी लान्स नायक असताना एका पोस्टिंगवर पोचलो तर क्लार्क कागद उलटापालटा करत म्हणाला, हमने तो ड्रायव्हर माँगा था. मला गाडीचं स्टिअरिंग धरता येत नव्हतं. पाठीवर पिट्टू, हातात ट्रंक, सगळे बघतायत. तिथले सुभेदार मेजर साहेब कोल्हापूरकडचे. बाहेर आले, मला खालून वर बघितलं आणि म्हणाले, “आला तो आपला. ह्याला चहा द्या.” त्या युनिटसाठी मी तीन वर्षं जीव तोडून काम केलं. त्याचं कारण तो चहा.

आणि तरी मी काय केलं, ते सांगतो. मोठेपणा मिरवायला हा लेख लिहीत नाही.

सप्टेंबरात फायरिंगच्या कॅम्पसाठी मुली निवडायच्या होत्या. या भागात साहू आडनाव घरोघरी. आमच्या यादीत नाव आणि आडनाव दोन्ही सारखं असलेल्या दोघी होत्या. कॅडेटचा नंबर समोर कागदावर होता. मी तो वाचला नाही, घाईत फक्त नाव पुकारलं. एक मुलगी रांगेतून धावत पुढे आली, सावधानमध्ये उभी राहिली. चेहरा असा उजळलेला की काय सांगू. मी कागद बघितला आणि साठ कॅडेट्ससमोर म्हणालो, “तू नहीं, दूसरी वाली.”

मागून कोणीतरी हसलं. ती “जी उस्ताद” म्हणाली, वळली आणि रांगेत गेली. पुढच्या दोन परेडला आली नाही.

निवड बरोबर होती. दुसरीचं ग्रुपिंग खरोखर चांगलं होतं. पण मला असंही म्हणता आलं असतं की, आलीस ना, थांब, दोघी पाच-पाच राउंड मारा, मग बघू. पंजाबवाल्यांना जे एका रात्रीत सुचलं, ते मला त्या मैदानावर सुचलं नाही. ज्याला कोणी एकदा ‘आला तो आपला’ म्हटलं होतं, त्याच्या तोंडून ‘दूसरी वाली’ निघालं.

म्हणून आता आपल्या प्रेक्षकांबद्दल एक शब्द बोलतो, कारण आपणही मागून हसणाऱ्यांतलेच. मी मुंबई इंडियन्सचा जुना भक्त. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणलं आणि १५ डिसेंबरला पाच करंडक जिंकून देणाऱ्या रोहितच्या जागी त्याला कप्तान केलं. मलाही राग आला होता. पण निर्णय ऑफिसने घेतला आणि शिव्या खाल्ल्या हार्दिकने. वानखेडेवर, त्याच्या घरच्या मैदानावर, नाणेफेकीच्या वेळी लोकांनी इतकी हुर्यो केली की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. तीन महिन्यांनी, २९ जून २०२४ ला, बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक कप्तान रोहितने त्याच हार्दिकच्या हातात दिलं. १६ धावा वाचवायच्या होत्या, त्याने वाचवल्या. पुढच्या आठवड्यात तेच वानखेडे त्याच्या नावाचा जयघोष करत होतं. माफी मात्र कोणी मागितली नाही.

आपल्या हुकुमाखाली सही असते. चूक असेल तर कोणाची ते कळतं. संघाच्या पत्रकाखाली सही नसते आणि मैदानात एकटा खेळाडू उभा असतो, म्हणून सोपं लक्ष्य तोच. ऑफिसवर जरूर टीका करा, मीही करणार. पण पोस्टिंगवर आलेल्या माणसाने स्वतःची पोस्टिंग काढलेली नसते, एवढं फौजी माणसाने तरी विसरू नये. जडेजा राजस्थानच्या कपड्यात चेन्नईसमोर असो की शार्दूल वानखेडेवर. तेव्हा चहा द्यायचा की हुर्यो करायची, हे आपल्या हातात आहे.

त्या मुलीचं राहिलं. तिसऱ्या परेडला ती आली. मी त्याच मैदानावर, त्याच साठ जणांसमोर तिचा पूर्ण नंबर आणि नाव पुकारून सांगितलं की त्या दिवशी चूक माझी होती. ती पुन्हा “जी उस्ताद” एवढंच म्हणाली. माफ केलं की नाही, कळलं नाही, आणि मी विचारणारही नाही. हल्ली ती सकाळी सगळ्यांच्या आधी रेंजवर येते. पुढच्या टीममध्ये येईल की नाही, ते तिचं टार्गेट सांगेल.

मी आता नंबर वाचतो. आधी नंबर, मग नाव.

जय हिंद.