बाबांची क्रेन, लेकीचा पाना

उस्मानपुऱ्यात स्टेशन रोडवर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन या दोन्ही संस्था आहेत. तिथे येणाऱ्या बहुतेक मुला-मुलींची पहिल्याच वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगशी गाठ पडते. एखादी वस्तू वरून, समोरून आणि बाजूने कशी दिसते याची तीन चित्रे कागदावर असतात. त्यावरून अख्खी वस्तू मनात उभी करायची, मनातच फिरवायची आणि पुन्हा कागदावर उतरवायची. काहींना हे सहज जमते. बारावीपर्यंत गणितात उत्तम गुण मिळवलेली काही मुले मात्र इथे अडखळतात. मग ‘याचे डोके त्या पद्धतीचे नाही’ असा निकाल देऊन घरचे आणि दारचे मोकळे होतात.

हा निकाल चुकीचा आहे. वस्तू मनात फिरवून पाहण्याची क्षमता सरावाने वाढते, आणि तिचा पहिला सराव अनेकदा घरातल्या फरशीवर होतो. आज चाळिशी-पन्नाशीत असलेले पालक ज्या खेळण्याच्या आठवणीने हळवे होतात, त्या नटबोल्टच्या पेटीचा या विषयाशी थेट संबंध आहे.

मेकॅनो म्हणा, किंवा पुढे भारतात घरोघर पोहोचलेला मेकॅनिक्स म्हणा. पेटीत असायच्या भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, चाके, कप्प्या, दांडे, मूठभर नटबोल्ट आणि एक इवलासा पाना. पेटीच्या झाकणावर मोठी क्रेन किंवा मातीकाम करणारे यंत्र छापलेले असे. मे महिन्याच्या दुपारी, कूलरच्या घरघरीत, शहाबादी फरशीवर ही पेटी उपडी व्हायची. नट कपाटाखाली घरंगळायचा. क्रेनचा दोर कप्पीवरून निसटायचा. संध्याकाळपर्यंत उभी राहिलेली क्रेन चित्रातल्या क्रेनसारखी क्वचितच असे, पण रिकामी काडेपेटी तरी उचलायचीच. दुसऱ्या दिवशी तिचेच सुटे भाग होऊन त्यांचा ट्रक बनायचा.

या खेळण्याच्या जन्माची गोष्टही घरातलीच आहे. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी हे एका कंपनीत कारकून होते. आपल्या मुलांसाठी ते धातूच्या पत्र्यापासून पूल, ट्रक आणि क्रेन बनवून देत. सुरुवातीला प्रत्येक खेळण्याचे भाग वेगळे असत. सगळ्या पट्ट्यांवर ठरावीक अंतराने भोके पाडली तर त्याच पट्ट्यांतून काहीही जोडता येईल, हे त्यांच्या लक्षात आले आणि १९०१ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. मेकॅनो हे नाव १९०७ मध्ये आले. दोन भोकांमधले अंतर अर्धा इंच ठरले. आजची क्रेन उद्या मोडून तिचाच पूल करता यावा, ही या शोधामागची खरी कल्पना होती.

आता या पिढीच्या हातात चार पैसे आहेत आणि बाजारात त्या पेटीचे भव्य वारसदार आहेत. लेगो कंपनीने २०१९ मध्ये लिबहेर आर ९८०० या खाणकामाच्या अजस्र एक्स्कॅव्हेटरचा संच आणला. त्यात ४,१०८ तुकडे आणि सात मोटारी आहेत आणि तो मोबाइल अॅपवरून चालतो. असा संच ‘मुलासाठी’ म्हणून घरी येतो. प्रत्यक्षात अनेक घरांत बाबा रात्री जागून तो जोडतात आणि मूल शेजारी बसून तुकडे शोधून देते. पूर्ण झालेले यंत्र काचेच्या कपाटात जाते आणि त्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळते.

या हळवेपणाला हसण्याचे कारण नाही. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझलमध्ये लिहिलेल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तेव्हा तो आजार मानला गेला. घरापासून दूर गेलेल्या स्विस लोकांना जडणारे घरओढीचे दुखणे, असा त्याचा अर्थ होता. आज मानसशास्त्र त्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. साउदम्प्टन विद्यापीठातील टिम विल्डशट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार अशा आठवणींत माणूस सहसा एकटा नसतो; सोबत जवळची माणसे असतात. आठवणीत रमल्यावर आपण कुणाचे तरी आहोत ही भावना बळावते. क्रेन आठवते तेव्हा पट्टी धरून बसलेला मोठा भाऊ आठवतो आणि ‘नट उलटा फिरवतोयस’ म्हणणारे काका आठवतात.

म्हणजे ओढ आहे ती रिकामी दुपार, सोबतची माणसे आणि हाताने चुकतमाकत काही जमवण्याची. दुकानात मात्र पेटी तेवढी विकत मिळते. पेटी आणून बाकीचे तिन्ही गाळले, तर बाबांची आठवण जपली जाते आणि मुलाच्या हाती काही लागत नाही.

मुलाच्या हाती काय लागू शकते, याबद्दल संशोधन बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकेत १९६० मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पातील सुमारे चार लाख शालेय विद्यार्थ्यांचा पुढची ११ वर्षे मागोवा घेतला गेला. त्या माहितीच्या २००९ मधील विश्लेषणात दिसले, की विज्ञान-अभियांत्रिकीत पुढे गेलेल्यांची अवकाशीय क्षमता, म्हणजे आकार मनात हाताळण्याची ताकद, शाळेतच चांगली होती. ही ताकद जन्मजातच असते का? २०१३ मध्ये डेव्हिड उटल आणि सहकाऱ्यांनी २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सरावाने ही क्षमता वाढते, वाढलेली टिकते आणि न शिकवलेल्या कामांतही उपयोगी पडते, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१५ मध्ये चार ते सात वर्षांच्या आठशेहून अधिक मुलांच्या अभ्यासात ठोकळे, कोडी आणि पटावरचे खेळ वारंवार खेळणाऱ्या मुलांची ही क्षमता अधिक आढळली. अर्थात, ज्यांना मुळातच असे खेळ जमतात तीच मुले ते जास्त खेळत असतील, ही शक्यता अशा पाहणीतून पूर्ण वगळता येत नाही. एक पेटी आणली म्हणजे घरात इंजिनिअर तयार झाला, असे कुणी समजू नये. पण सरावाचा उपयोग होतो, याला भक्कम आधार आहे.

सगळ्यात महत्त्वाचा पुरावा मुलींविषयीचा आहे. अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९३ मध्ये अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांची अशी चाचणी घेतली. त्यात ३९ टक्के मुली नापास झाल्या, तर मुलांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होते. लहानपणी जोडणीची खेळणी खेळलेली असणे हा चांगल्या गुणांशी जोडलेला एक घटक निघाला. सॉर्बी यांनी मागे पडलेल्यांसाठी छोटा अभ्यासक्रम सुरू केला. ठोकळे हाताळणे, त्यांची चित्रे काढणे, आकार फिरवून पाहणे एवढेच त्यात होते. तो केलेल्यांचे गुण सुधारले आणि त्यातल्या अधिक मुली अभियांत्रिकीत टिकून राहिल्या.

आता आपल्या घरांकडे पाहू. मेकॅनोच्या जाहिराती कित्येक दशके मुलग्यांनाच उद्देशून असत. भारतीय घरांत ते वेगळ्या शब्दांत झाले: दादाला नटबोल्टची पेटी, ताईला भातुकली. भातुकली वाईट नाही. पण पाना दादाच्याच हातात राहिला आणि अठराव्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या वर्गात दोघांची एकच परीक्षा झाली. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या कारखान्यांवर ज्या शहराचे पोट आहे, तिथे निम्म्या मुलांच्या हातून पाना काढून घेणे परवडणारे नाही. आठवणीने हळव्या झालेल्या बाबांनी पुढची पेटी लेकीच्या हातात द्यावी, आणि मुख्य म्हणजे द्यावी म्हणजे द्यावीच. स्वतः जोडू नये.

दुसरी गोष्ट सूचनांच्या पुस्तिकेची. आजच्या मोठ्या संचात पानोपानी चित्रे असतात. कोणता तुकडा कुठे, हे ठरलेले असते. सूचना वाचून जोडणे हेही कौशल्य आहे आणि चिकाटी शिकवते. पण पेज मोरो आणि मारिट एंगेसेट यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वेगळी बाजू दिसली. सूचनांबरहुकूम संच जोडलेल्यांची त्यानंतरच्या सर्जनशील कामातली कामगिरी, मोकळे तुकडे मिळालेल्यांपेक्षा कमी भरली. उपाय सोपा आहे. संच एकदा पुस्तिकेप्रमाणे जोडावा आणि आठवडाभराने मोडावा. खरा खेळ त्या दिवशी सुरू होतो.

त्यासाठी हजारो रुपयांचा संच लागतोच असे नाही. मूळचे अभियंते असलेले आणि पुण्यात टेल्कोत, म्हणजे ट्रक बनवणाऱ्या कंपनीत काम केलेले अरविंद गुप्ता यांनी १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे यांतून ‘मेकॅनो’ घडवला. ट्यूबचा तुकडा हा सांधा, काडी ही पट्टी. चार काड्यांचा चौकोन करून कोपऱ्यावर दाबला की तो लगेच तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. क्रेनच्या लांब हातात आणि रेल्वेच्या लोखंडी पुलात जागोजागी त्रिकोण का असतात, हे मुलाला इथे बोटांनी कळते. काड्यांची गुले आधी काढून टाकावीत, एवढे पथ्य पाळावे.

जेसीबीचेही तसेच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नावाची आद्याक्षरे असलेले हे कंपनीचे नाव मराठीत यंत्राचेच नाव झाले आहे. शहरात जलवाहिनीसाठी रस्ता खोदला जात असतो, तेव्हा जेसीबी बघत उभी राहणारी लहान-मोठी माणसे आपण पाहतोच. त्याचा हात कशाने हलतो, हे घरी दाखवता येते. सुई नसलेल्या, कोऱ्या दोन सिरिंज घ्याव्यात, एक लहान आणि एक मोठी. दोन्हींत पाणी भरून त्या बारीक नळीने जोडाव्यात. लहान सिरिंजचा दट्ट्या बराच ढकलला की मोठीचा थोडासाच सरकतो, पण जास्त जोराने. पास्कलचा नियम तो हाच. पुठ्ठ्याच्या हाताला अशा सिरिंज बांधल्या की फावडे उचलणारा जेसीबी तयार होतो.

आरोग्याच्या दृष्टीनेही असा वेळ मोलाचा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको. नुसते ‘मोबाइल ठेव’ म्हटल्याने मोबाइल सुटत नाही. हाताला दुसरे काम लागते. नट फिरवताना अंगठा आणि तर्जनी यांची पकड, डोळा आणि हाताचा मेळ यांचा सराव होतो.

मात्र लहान तुकड्यांचा धोका खरा आहे. तीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते. घरात धाकटे भावंड असेल तर मोठ्याचा खेळ टेबलावर मांडावा आणि उठताना तुकडे मोजून डब्यात ठेवावेत. मोटार असलेल्या खेळण्यात बटण सेल असेल तर त्याचे झाकण स्क्रूने बंद होते का, हे पाहावे. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. तशी शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एकापेक्षा अधिक चुंबक गिळले गेले तर ते आतड्यांना मधे चिमटून छिद्र पाडू शकतात. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते पाहूनच खरेदी करावी.

घराबाहेरही करण्यासारखे आहे. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने पहिल्याच आठवड्यात अवकाशीय क्षमतेची छोटी चाचणी घेऊ शकतात आणि मागे असलेल्यांना ठोकळे हाताळायला लावणारा थोड्या तासांचा वर्ग देऊ शकतात. त्याला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी अशी पेटी कधी आलीच नाही, त्यांची ती उणीव अठराव्या वर्षीही भरून निघते, हे सॉर्बी यांच्या कामाने दाखवले आहे. उस्मानपुऱ्यातल्या दोन्ही संस्थांना याची सुरुवात करता येईल. शाळांनीही कार्यानुभवाच्या तासाला आगकाड्यांचा मेकॅनो आणावा आणि तो मुलींच्या बाकावर आधी ठेवावा.

आणि काचेच्या कपाटात उभी असलेली ती मोठी क्रेन? येत्या रविवारी ती खाली उतरवावी आणि मुलांना मोडू द्यावी. बाबांनी शेजारी बसावे, विचारले तरच सांगावे आणि कपाटाखाली गेलेला नट तेवढा शोधून द्यावा.